क्वार्टर मिळालं, पोट्टी घेऊन या

भिलाई, कॅम्प एक
९ मार्च १९५८

आत्याबाईले सत्यशीलाचा जयभीम.

मी पोचली. तुमी इचारलं नाई, तरी सांगते. दुर्गले उतरली, तिथून मालाच्या ट्रकवर बसून इथं आली. अंजनाबाईकडे राहून राहिली आहे. तिचा नवरा रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये आहे, गोंदियाकडची आपलीच माणसं. टिनाची खोली आहे, मधात गोणपाट टांगलं, इकडे मी, तिकडे ते दोघं. दिवसभर टिन इतकं तापते की भिंतीले हात लावता येत नाई.

शाळेतली मराठी मले येते, नागपूरले दोन वर्षं नर्सिंगच्या होस्टेलात तीच बोलत होती. पण तुमाले तशी लिहिली तं तुमी म्हणसान, सून मोठी झाली. म्हणून घरच्यासारखी लिहिते. 

चिंधू भाऊजी, हे पत्र तुमीच वाचून दाखवसान. घरात वाचणारे तुमीच. तवा जिथं तुमचं नाव येईन तिथंबी वाचा, गाळू नका. तुमच्यासंग पाट लावाले मी नाई म्हणलं ते तुमच्यात काही खोट आहे म्हणून नाई. माह्या लग्नात तुमी माह्या पदराले लटकून लाडू मागत होते. तुमचे दादा गेले म्हणून त्याच पोराले मी नवरा कशी म्हणू? तुमालेबी नको होतं, मले माहीत आहे. तुमी आईसमोर बोलले नाई, मी बोलली. मंग वाईट मी झाली.

आत्याबाई, तुमी दारात उभं राहून साऱ्या मोहल्ल्यासमोर म्हणलं, "जाय! नोकरी लाव, सरकारी क्वार्टर घे, मंग पोट्टी नेजो. तोवर तिचं नाव काढू नको." मी रागात ऐकलं, पण ऐकलं. तुमची जबान आहे ते. मोहल्ला साक्षी आहे.

इथं पोलादाचा कारखाना बांधून राहिले, सिस्टरायची लई गरज आहे म्हणतात. रोज माणसं वरून पडतात, भाजतात, दबतात. नोकरी जवळजवळ पक्की आहे.

रंभाले म्हणा, आई कारखाना पाहाले गेली.

सत्यशीला


भिलाई, कॅम्प एक
२१ मे १९५८

आत्याबाईले जयभीम.

तुमचं कार्ड आलं. चिंधू भाऊजीचं अक्षर चांगलं सुधरलं. "रंभा ठीक आहे" एवढंच लिहिलं. ठीक म्हणजे काय? तिचा कान वाहत होता, तो थांबला का? तेल घालू नका म्हणून मी बजावून आली होती. तुमी घातलंच असन.

नोकरी जवळजवळ पक्की आहे असं मागं लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी आल्याबरोबर कारखान्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली, तिथं म्हणाले, नव्या वॉर्डाचं बांधकाम व्हायचं आहे, मंग या. दुर्गले एका डॉक्टरचा खाजगी दवाखाना आहे, तिथं गेली. डॉक्टर बाहेर गेले होते. त्यायची बायको मराठी, पुण्याकडची. खुर्ची दिली, पाणी दिलं, माह्या कामाचं इचारलं, बाळंतपणं किती केली ते इचारलं. मले वाटलं, झालं काम. मंग म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?"

मी सांगतलं, मेश्राम.

"अच्छा, अच्छा," म्हणाल्या. मंग म्हणे, "नर्स तर आहे हो आमच्याकडे. लादी पुसायला बाई हवी होती. बघा, जमत असेल तर."

मी पाणी पेली नव्हती. तो पेला तसाच ठेवून उठली.

त्याच्यानंतर एका ठेकेदाराच्या डिस्पेन्सरीत गेली. लेबर कॅम्पात पट्ट्या बांधायचं काम. तिथला हिरालाल नावाचा बाबू. त्यानं सर्टिफिकेट पाह्यलंच नाई, मले पाह्यलं.

"साथ में कौन है?"

"कोई नहीं."

"कोई नहीं? तो रात की ड्यूटी के बाद कहाँ जाओगी?" अन बाजूच्या माणसाकडे पाहून हासला. "चलो, कमरा तो अपने पास भी है."

हे मी तुमाले काहून सांगून राहिली? तुमी म्हणसान, बाईमाणूस एकटी फिरन तं असंच होईन. म्हणा. तुमी हे म्हणसान म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाई.

आता मोठ्या दवाखान्यात लागली आहे. कामावर आहे. एवढं पुरे.

नाई, पुरे नाई. चिंधू भाऊजी, वाचा. मी आया म्हणून लागली आहे. नर्स म्हणून नाई. "अभी आया में आ जाओ, बाद में देखेंगे." माह्या हातानं मी रोग्यायचे भांडे उचलते, चादरी धुते. केरळच्या पोरी सिस्टर आहेत, माह्यापेक्षा लहान, त्या मले म्हणतात, "आया, इधर आओ." अंजनाबाई म्हणते, "अवं, पाय तं आत टाकला ना वो, बाकी शरीर मंग जाईन." असन बाप्पा.

तुमाले आनंद झाला असन. मोहल्ल्यात सांगा, सत्यशीला नागपूरले शिकून भिलाईत भांडे धुते.

रंभाच्या कानात तेल घालू नका.

स.


भिलाई
१२ जानेवारी १९५९

आत्याबाईले जयभीम.

मी सिस्टर झाली. पक्की. नवा वॉर्ड सुरू झाला, मुलाखत झाली, तीन माणसं समोर बसली होती. एकानं इंग्रजीत इचारलं, मी अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत सांगतलं. मेट्रनबाई म्हणाली, "ये आया में क्या कर रही थी?" मले टोपी, पट्टा, पांढऱ्या साड्या मिळाल्या.

अंजनाबाईनं शिरा केला. तिच्या नवऱ्यानं कॅम्पात साऱ्यायले सांगतलं. दोन दिवस मी जमिनीवर नव्हती.

तिसऱ्या दिवशी क्वार्टरचं इचाराले गेली.

मेट्रनबाई वाईट नाई. नियम सांगतला तिनं. हिंदीत बोलली, तसंच लिहिते.

"क्वार्टर शादीशुदा को मिलता है. तुम अकेली हो, हॉस्टल में रहो."

"मेरी बच्ची है, मेट्रनजी."

"हॉस्टल में बच्चा नहीं चलता."

"मैं अकेली नहीं हूँ. बच्ची है मेरी."

"पति है?"

"गुज़र गए."

"तो अकेली ही हुई ना," म्हणाली. मंग थोडी नरम झाली, "दादी के पास है ना बच्ची? ठीक तो है. वहीं रहने दो. बहुत लड़कियाँ ऐसे ही करती हैं."

आता सांगा आत्याबाई. तुमी म्हणता, क्वार्टर घे मंग पोट्टी ने. हे म्हणतात, नवरा आण मंग क्वार्टर ने. मी रोगी सांभाळते, तीस-तीस पलंगायचा वॉर्ड सांभाळते, पण चार भिंती पाहिजेत तं एक पुरुष दाखवा. भट्टीतलं काम करून आलेला माणूस, त्याले सही करता येत नाई, पण त्याची बायको आहे म्हणून त्याले दोन खोल्या, नळ, बिजली. मले एका खोलीत तीन पोरी अन भिंतीवर कपड्यायचे खिळे.

बाहेर खोली घ्यावी तं एकट्या बाईले कोणी देत नाई. अंजनाबाईकडे आणावी तं तुमी म्हणसान, टिनात ठेवायची होती तं माह्या घरात काय काटे होते? अन तिलेबी आता पोर होणार आहे. गोणपाटाच्या इकडे जागा राहणार नाई.

मी तुमाले एकच मागते. क्वार्टरची अट सोडा. सुट्टीत येते, चार दिवस तिले संग ठेवते, परत सोडते. हे तरी करू द्या.

चिंधू भाऊजी, हे दोनदा वाचा.

सत्यशीला


भिलाई
३ मार्च १९५९

कार्ड मिळालं. "क्वार्टर नाई तं पोट्टी नाई. आई म्हणते, चार दिवस नेऊन आणली तं पोट्टी ना इथली राहत, ना तिथली."

आत्याबाई, ती एका वर्षाची होती तवापासून तुमच्याजवळ आहे. मी शिकाले गेली तवा तुमीच तिले छातीशी घेतलं, शेळीचं दूध पाजलं, तिच्या अंगावर गोवर आला तवा बिड्या वळणं सोडून बसल्या. हे मी विसरली नाई. पण तुमी ते दरवेळी दाखवता, जसं सुईनं टोचावं तसं.

तुमी एकदाबी असं म्हणत नाई की तिले आई पाहिजे.

स.


भिलाई, सेक्टर एक
१६ ऑगस्ट १९५९

आत्याबाईले सत्यशीलाचा मनापासून जयभीम.

क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मांगे छोटं अंगण, पाण्याचा नळ घरात, बिजली. बटन दाबलं की उजेड. सोयपाकघरात ओटा आहे, वाकून चूल फुंकाले नको. शाळा इतकी जवळ की घंटा ऐकू येते. अंगणात मी वांग्याची रोपं लावली.

चिंधू भाऊजीचं लग्न झाल्याचं कळलं. चांगलं झालं. नव्या सुनेचं नाव सिंधू ना? तिले माहा आशीर्वाद सांगा.

तुमी तुमची जबान पाळा. पोट्टी घेऊन या. तुमी स्वतः या, चार दिवस राहा, पाहा, मंग तिले ठेवून जा. तुमसर रोडवरून पॅसेंजर धरा, दुर्गले उतरा. मी येईन घ्याले. ड्यूटीमुळं नाई आली तं कोणालेबी सिस्टर मेश्रामचं क्वार्टर इचारा, दाखवन.

रंभासाठी फ्रॉक शिवला. माप अंदाजानं घेतलं.

दुसरं काही लिहाले नाई.

तुमची
सत्यशीला


भिलाई
२ ऑक्टोबर १९५९

आत्याबाई,

तुमी दारातून परत गेल्या. आता मी जे सांगाले पाहिजे होतं ते सांगते. चिंधू भाऊजी, सिंधूले बाहेर पाठवाची गरज नाई, तीबी ऐकू दे.

त्या दिवशी माही सकाळची ड्यूटी होती. एक माणूस भाजून आला होता, मी निघू शकली नाई. मी येईपर्यंत तुमी अर्धा तास दारात बसल्या होत्या असं शेजारीण म्हणाली. मांगच्या दोरीवर पुरुषाचा सदरा, लुंगी वाळत होती. तुमी शेजारणीले इचारलं, "हे कोणाचं?" तिले काय माहीत! ती म्हणाली, "सिस्टर के आदमी का है."

मी कोपऱ्यावर आली तं तुमी उठून चालत होत्या. रंभाचा हात धरलेला. मी धावली. तुमी म्हणल्या, "माह्या पोराचं नाव पुसलं अन मले सांगते दोन खोल्या! माह्या चिंधूले नाई म्हणलं अन कोण्या गावच्या माणसाले घरात घेतलं!"

मी म्हणली, "आत्याबाई, ऐकून तं घ्या."

तुमी म्हणल्या, "हात लावू नको. पोट्टी भेते."

अन ती खरंच भेत होती. मी पांढऱ्या साडीत, टोपी घातलेली, रस्त्यावर धावत आलेली. तिनं तोंड तुमच्या लुगड्यात लपवलं. तिनं मले ओळखलं नाई, आत्याबाई. तुमी जिंकल्या ते तिथं.

आता ऐका. त्यायचं नाव मारोतराव. क्रेनवर काम करतात. तिरोड्याकडचे, आपल्याच समाजातले, बायको बाळंतपणात गेली, मूलबी गेलं. हात चेंगरला म्हणून वॉर्डात होते. क्वार्टरचं मी अंजनाबाईले सांगून रडत होती, ती भेटाले आली होती, त्यायनं ऐकलं. पुढं बरे होऊन घरी गेले, मंग एका दिवशी दवाखान्याच्या फाटकावर आले.

म्हणे, "मले क्वार्टर मिळू शकते, पण एकट्याले नाई मिळत. तुमालेबी नाई मिळत. दोघायचं लग्न झालं तं मिळन. तुमची पोरगी येऊन राहीन."

मी म्हणली, "अन तुमाले काय मिळन?"

म्हणे, "दोन वेळचं घरचं खाणं. अन घरात कोणाचा तरी आवाज."

आठ दिवस मी इचार केला. मंग हो म्हणली. बुद्धविहारात नाई, अंजनाबाईच्या दारात लग्न झालं, पाच-सहा माणसं होती. मले प्रेम नाई, तुमाले खोटं कशाले सांगू? माणूस वाईट नाई. दारू पीत नाई, हात उगारत नाई. संध्याकाळी रेडिओच्या दुकानासमोर उभं राहून गाणी ऐकून येते. बस.

तुमच्या पोराचं नाव मी पुसलं नाई. दवाखान्यात अजून सिस्टर मेश्रामच आहे, बदललं नाई. पण तुमचा पोरगा गेला तवा मी बावीसचीबी नव्हती. तुमी माह्यासाठी चिंधू भाऊजी ठेवले होते, घरातलं भांडं घरातच राहावं म्हणून. मी ज्याले घेतलं त्याले मीच इचारून घेतलं. तुमाले राग त्याचाच आहे.

मी तुमाले लिहिलं नाई, कारण लिहिलं असतं तं तुमी आल्याच नसत्या. बरोबर ना? म्हणून लपवलं. याची मले लाज नाई वाटत. मले लाज याची वाटते की मले दोन खोल्या मिळवाले माणूस लागला.

तुमी म्हणलं होतं, क्वार्टर घे मंग पोट्टी नेजो. क्वार्टरमध्ये कोण असावं ते नव्हतं म्हणलं.

येत्या सुट्टीत मी येते आहे. आमी दोघं.

सत्यशीला


भिलाई
२८ फेब्रुवारी १९६०

आत्याबाईले जयभीम.

पोरगी आणून महिना झाला. तुमचं काही आलं नाई. मीच लिहिते.

त्या दिवशी मी भांडाले तयार होऊन आली होती. मारोतरावले म्हणलं होतं, तुमी काही बोलू नका, फक्त उभे राहा. पंच बसवले तरी मी मोहल्ल्याले साक्ष काढीन, असं सारं मनात पक्कं केलं होतं. पण तुमी भांडल्याच नाई. तुमी भिंतीकडे तोंड करून बिड्या वळत बसल्या. मी आत आली, तिचे कपडे गोळा केले, तुमचे हात चालूच. पान, तंबाखू, धागा, पान, तंबाखू, धागा. चिंधू भाऊजी दारात उभे होते, बाजूले झाले. सिंधूच्या मांडीवर शेजारणीचं पोर रडत होतं.

रंभा तुमच्या गळ्याले मिठी मारून बसली. मी तिची बोटं एक-एक सोडवली. तवाबी तुमी मांगे पाह्यलं नाई. ती साऱ्या रस्त्यानं ओरडत होती, "आजी, मले धर!" लोकं घराबाहेर आले. मोहल्ल्याची साक्ष मले पाहिजे होती, ती मिळाली.

गाडीत मले वाटलं, तुमी एक शब्द बोलल्या असत्या, शिवी दिली असती, तं मले सोपं गेलं असतं. म्हणूनच दिली नसन.

आता इथलं ऐका.

शाळेत नाव घातलं. जाते. मास्तर हिंदीत बोलतात, तिले समजून राहिलं. जेवते थोडं. फ्रॉक आखूड झाला, माप चुकलं होतं. कान पाह्यला, वाहत नाई, स्वच्छ आहे. तुमी तेल घातलं नाई. मी इतकं लिहून राहिली होती, तुमी ऐकत होत्या, हे मले तिचा कान पाहून समजलं.

मारोतरावशी बोलते. त्यायनं तिले इचारलं, तुह्या आजीच्या घरच्या शेळीचं नाव काय? तवापासून दोघं शेळ्यायच्या गोष्टी करत बसतात. त्यायच्या खांद्यावर बसून क्रेन पाहाले गेली. ज्या माणसाचा सदरा पाहून तुमी परत गेल्या, त्याच्या ताटात जेवते पोरगी.

माह्याशी बोलत नाई. बोलली तं दूर उभी राहून बोलते. केस इंचरू देत नाई, म्हणते, "आजी असं नाई करत." मी इचारलं, आजी कसं करते? तं सांगत नाई. क्वार्टरायच्या आख्ख्या लाईनीतली लेकरं मले सिस्टर म्हणतात. तीबी सिस्टर म्हणते. मी दोनदा म्हणलं, बेटा, आई म्हण. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा मी म्हणलं नाई. मले भेव वाटलं, ती म्हणन, आई गावाले आहे.

वॉर्डात रडणाऱ्या लेकरायले मी त्यायच्या आईजवळ नेऊन देते. आंगावर दूध नाई त्या बाईले काय करायचं ते सांगते. घरी येते तं माह्याच पोरीचे केस कसे इंचरायचे ते मले माहीत नाई.

मी तुमाले माफी मागत नाई. तुमी पण मागू नका. दोघीयनं तिले ओढली, एकीच्या हातात ती आली, एवढंच झालं. पण आता ऐका. तुमी या. तुमी जिंकल्या असं समजून या, मी काही बोलणार नाई. मांगची खोली तुमची. मारोतरावलेबी इचारलं, ते म्हणाले, "घरात आवाज वाढन." इथं बिड्यायचं काम नाई, पण तुमाले स्वस्थ बसवत नसन तं अंगण आहे, वांगी आली आहेत. रोज तिचे केस तुमी इंचरा. मी बाजूले बसून पाहीन.

नाई आल्या तं मी तुमाले पुन्हा लिहिणार नाई. पण काल सकाळी ती फाटकाजवळ उभी होती. मी ड्यूटीवर निघाली होती. पहिल्यांदा तिनं माहा पदर धरला. म्हणाली, "सिस्टर, आजी कोणत्या गाडीनं येईन?"

मी तिले सांगतलं, सकाळच्या पॅसेंजरनं, रविवारी.

दर रविवारी आमी दुर्गले जाऊन उभं राहू. मले तिच्यासमोर खोटी पाडू नका.

सत्यशीला